'कडक कर' म्हणणाऱ्यांपासून सावध!

नवीन आरसी बग्गी घेतलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात तीन सल्ले हमखास मिळतात. एक : "स्प्रिंग कडक टाक, गाडी लोळतेय." दोन : "प्लास्टिकचे आर्म काढून अ‍ॅल्युमिनियमचे लाव." आणि तीन : "अमक्या चॅम्पियनची सेटअप शीट मिळते, ती जशीच्या तशी उतरव, उगाच डोकं लावू नकोस." तिन्ही सल्ले प्रेमाने दिलेले असतात, फुकट असतात, आणि माझं स्पष्ट मत असं की नवख्यासाठी तिन्ही घातक आहेत. तिसरा तर सगळ्यात जास्त, कारण तो सगळ्यात शहाणा वाटतो. म्हणून आजची सगळी भडास मुख्यतः त्या तिसऱ्यावर. पहिल्या दोघांनाही जाता जाता एकेक टपली मारूच.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोल. मी बोलतोय ती पोरांच्या वाढदिवसाला मिळणारी खेळण्यातली गाडी नव्हे, तर एक दशांश आकाराची, बॅटरीवर चालणारी, मातीत पळवायची रेसिंग बग्गी. वजन दीड-पावणेदोन किलो, रुंदी जेमतेम २५ सेंटीमीटर. चारी चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन, तेल भरलेले चार शॉकअप, आणि प्रत्येक गोष्ट स्क्रू फिरवून बदलता येते. स्प्रिंग, तेल, पिस्टनची भोकं, शॉकअप बसवायची जागा, चाकाचा कल, चाकाची दिशा... बदलता येणाऱ्या गोष्टी मोजायला बसलात तर सहज तीस-चाळीस भरतील. माझ्यासारख्या दिवसभर कॉन्फिग फाइलींत तोंड घालून बसणाऱ्या माणसाला या छंदाची चटक का लागते हे तुमच्या लक्षात आलंच असेल :-)

आणि नेमकी गोची इथेच आहे. चाळीस नॉब समोर दिसले की माणूस घाबरतो. घाबरलेला माणूस तयार उत्तर शोधतो. तयार उत्तर म्हणजे सेटअप शीट.

सेटअप शीट म्हणजे एक पानी तक्ता. कंपन्या आपल्या मोठमोठ्या रेसर्सचे असे तक्ते उघड देतात. पुढची स्प्रिंग कुठली, मागचं तेल किती नंबरचं, कॅम्बर किती, सगळं त्यात असतं. आपला नवखा रात्री जागून तो तक्ता गाडीवर उतरवतो, लागणारे सुटे भाग परदेशातून मागवतो, कस्टमवाल्यांना त्यांचा नैवेद्य दाखवतो, आणि रविवारी सकाळी मुरुमाच्या मैदानावर गाडी सोडतो. गाडी दुसऱ्या वळणाला गर्रकन गिरकी घेते आणि उलटी पडून राहते. आता याला काय वाटतं? तक्ता तर चॅम्पियनचा. म्हणजे दोष आपल्या हातात. दोन महिने तो स्वतःला शिव्या देतो आणि मग गाडी माळ्यावर जाते. आधीच आपल्याकडे या छंदात माणसं मूठभर. त्यातला एक गेला. मैदानावर पाचाऐवजी चार गाड्या. चारात कसली आलीय रेस?

मला राग येतो तो याचा. पैसे गेले याचं मी फार मनाला लावून घेत नाही, हौसेला मोल नसतं वगैरे ठीक आहे. पण गाडीत दोष नसताना आणि माणसातही दोष नसताना माणूस स्वतःला ढ समजून निघून जातो, हे काही बरोबर नाही.

तक्त्यावर नसतं ते काय? बघू या.

तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकट असते. ट्रॅकचा पृष्ठभाग, पकड, खड्डे, तापमान, टायर. ही चौकट कुणी वाचतच नाही! युरोपातल्या बऱ्याच रेस कार्पेटवर किंवा कृत्रिम गवतावर होतात. अमेरिकेत बंदिस्त हॉलमध्ये दाबून, पाणी मारून गुळगुळीत केलेल्या चिकणमातीवर होतात. तिथे पकड इतकी असते की गाडी घसरण्याऐवजी उलटते. त्यामुळे तिथला रेसर गाडी जमिनीला चिकटवतो, कडक करतो, तिचं लोळणं थांबवतो. त्याच्यापुढचा प्रश्न आहे जास्त पकडीचा. आपल्या मुरुमावरचा प्रश्न काय? पकडच नाही. वर धूळ, खाली बारीक खडी. म्हणजे आपण दुखणं एक असताना औषध बरोब्बर उलट्या दुखण्याचं घेतो, आणि वर म्हणतो, औषध तर मोठ्या डॉक्टरचं होतं!

शिवाय प्रमाण बघा. बग्गी एक दशांश आकाराची. आपल्या बुटाखाली येते ती एक सेंटीमीटरची खडी तिच्यासाठी दहा सेंटीमीटरचा स्पीडब्रेकर आहे. कार्पेटवर असला स्पीडब्रेकर नसतो. मुरुमावर दर फुटाला एक असतो.

आता तेलाची गंमत. तक्त्यात लिहिलेलं असतं "पुढे ३५". ३५ काय? हा नंबर कंपनीगणिक बदलतो. टीम असोसिएटेडच्या बाटलीवर ३० म्हणजे ३५० सेंटिस्टोक, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. दुसऱ्या कंपनीचं ३५ म्हणजे ४२५ असेलच असं नाही. तामियाच्या बाटल्यांवर तर ४००, ५००, ६०० असे वेगळेच आकडे. सेंटिस्टोक हे खरं माप, बाकी सगळी दुकानाची भाषा. तरी लोक "मी ३५ टाकलं, तू किती टाकलंस?" असं खुशाल विचारतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तापमान. शॉकअपमधलं तेल सिलिकॉनचं. इतर तेलांच्या मानाने ते तापमानाला कमी बधतं, पण बधतं. बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. या तेलाचं तापमानाचं सूत्र इंजिनिअरिंगवाल्यांना अवघड नाही. मी ते मांडून बघितलं. २५ अंशांना ४२५ असलेलं तेल ४० अंशांना सुमारे ३२० होतं. १२ अंशांना तेच सुमारे ५६० होतं. म्हणजे पुण्यात डिसेंबरच्या पहाटे जी गाडी घट्ट वाटते, तीच मे महिन्याच्या दुपारी तीन नंबर पातळ तेल भरल्यासारखी उड्या मारते. स्क्रूला हातही न लावता! मग वीस अंशांच्या एसी हॉलमधला आकडा मे महिन्यातल्या माझ्या मैदानावर काय कामाचा?

आणि शेवटची, सगळ्यात नाजूक बाब. तक्त्यावर माणूस नसतो. मासामी हिरोसाका हे जपानी नाव या खेळात देवासारखं घेतलं जातं, १४ जागतिक विजेतेपदं आहेत त्याच्या नावावर. त्या पातळीचा माणूस प्रत्येक फेरीत त्याच जागी ब्रेक लावतो, त्याच जागी वळतो. त्याला अशी गाडी चालते जी चटकन वळेल, भले मग मागून जरा सैल असेना का, कारण तो ती सांभाळतो. नवख्याला हवी असते बरोब्बर उलटी गाडी. थोडी आळशी, मागून घट्ट, चुका पोटात घालणारी. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा कितीही महागाचा असला तरी आपल्या डोळ्याला तो लावून जिना उतरू नये एवढं आपल्याला कळतं. मग इथेच का कळत नाही?

आता 'कडक कर' पंथाकडे वळू. यांचं म्हणणं असं की गाडी वळताना लोळते, म्हणजे वजन एका बाजूला जातं, म्हणून पकड जाते, म्हणून स्प्रिंग कडक करा. ऐकायला अगदी पटतं. पण हिशोब करा की राव! वळताना एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला किती वजन सरकतं हे चार गोष्टींवर ठरतं : गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर. १.६ किलोची गाडी, गुरुत्वमध्य ४० मिलिमीटरवर, चाकांच्या मध्यांत २२० मिलिमीटर, वळणाचा जोर अर्धा जी असं धरा. सरकलेलं वजन येतं १४५ ग्रॅमच्या आसपास. या हिशोबात स्प्रिंग कुठे आली? आलीच नाही! स्प्रिंग कडक केलीत की गाडी कमी लोळलेली *दिसते*, पण एकूण सरकणारं वजन जवळजवळ तेवढंच राहतं. पुढची आणि मागची स्प्रिंग यांच्यात कोण जास्त कडक, यावर ते वजन पुढच्या जोडीने जास्त उचलायचं की मागच्या, एवढंच ठरतं. म्हणून पुढे मऊ केलं की पुढची पकड आणि स्टेअरिंग वाढतं, मागे मऊ केलं की मागची पकड वाढते. खेळ तुलनेचा आहे. चारी बाजूंनी कडक करून तुम्ही फक्त एवढंच साधता की खडी लागली की चाक हवेत जातं. आणि हवेतल्या चाकाला पकड नसते, हे सांगायला फिजिक्स लागत नाही.

याच पंथाची दुसरी अंधश्रद्धा म्हणजे शॉकअपवरची चकती. ती खाली फिरवली की स्प्रिंग आवळली जाते आणि "कडक होते" म्हणे. नाही होत. साधी सरळ स्प्रिंग असेल तर तिचा कडकपणा तिच्या तारेत आणि वेढ्यांत असतो, आवळण्यात नाही. चकती फिरवून गाडीची उंची वाढते, बस्स. मोटारसायकलवर मागे कुणी बसणार असलं की मेकॅनिक मागच्या शॉकअपची रिंग एक खाच वर चढवतो ना, तेच हे. तिथेही स्प्रिंग बदलत नाही, खाली बसलेली गाडी पुन्हा उंच होते. पण "शॉकअप कडक केले साहेब" असं ऐकत आपण लहानाचे मोठे झालो, त्यामुळे ते डोक्यात फिट्ट आहे.

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांबद्दल एकच वाक्य : ज्या चॅम्पियनचा तक्ता उतरवताय, त्याच्या गाडीचे आर्म बहुतेक वेळा किटमधल्यासारखे प्लास्टिकचेच असतात, कारण प्लास्टिक आपटलं की लवतं आणि परत सरळ होतं; अ‍ॅल्युमिनियम वाकलं की वाकलेलंच राहतं, नाहीतर धक्का पुढच्या महागड्या पार्टला पाठवून देतं. निळा रंग छान दिसतो हे मान्य.

बरं, टीका पुष्कळ झाली. मग नवख्याने करायचं काय?

माझं म्हणणं इतकंच आहे : किटच्या पुस्तकात दिलेला मूळ सेटअप हीच तुमची पहिली सेटअप शीट. तिथून सुरू करा, आणि पैसा खर्च करण्याआधी फुकटातल्या गोष्टी नीट करा. क्रमाने सांगतो.

एक, अडकाअडक काढा. चारी शॉकअप सोडवा. आता प्रत्येक आर्म वर उचलून सोडा. स्वतःच्या वजनाने टपकन खाली पडला पाहिजे. अडखळत येत असेल तर हिंज पिन वाकली असेल, भोकात माती असेल किंवा भोक घट्ट असेल. आर्म असा अडकत असताना स्प्रिंग आणि तेलाच्या गप्पा मारणं म्हणजे हँडब्रेक लावून ॲव्हरेज काढण्यासारखं आहे.

दोन, शॉकअप पुन्हा बांधा. नवख्यांच्या गाडीतला सगळ्यात मोठा गुन्हेगार इथे सापडतो. चारही शॉकअप उघडा, जुनं तेल ओता, नवीन भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, बुडबुडे वर येऊ द्या, पाच-दहा मिनिटं तसेच उभे ठेवून एक चहा मारून या. घाईत झाकण लावलं की आत हवा राहते. मग पिस्टन आधी हवेतून जातो आणि नंतर तेलातून, आणि शॉकअप 'फसफस' आवाज करतो. स्प्रिंग न लावता डावा आणि उजवा शॉकअप शेजारी शेजारी धरून एकदम दाबा. दोघं सारख्या जोराने दाबले जाताहेत का, सोडल्यावर सारखेच बाहेर येताहेत का? नसतील तर पुन्हा. डावा एक आणि उजवा दुसराच अशा गाडीला जगातली कुठलीही शीट सरळ करू शकत नाही.

तेल एवढं महत्त्वाचं का, तर इतिहास बघा. १९८४ साली तामियाची ग्रासहॉपर आली. गोड गाडी, जगभरच्या पोरांची पहिली बग्गी. पण तिच्या शॉकअपमध्ये तेलाचा पत्ता नाही, त्यामुळे ती सशासारखी उड्या मारत जाते. त्याच वर्षी रॉजर कर्टिसने डिझाइन केलेली टीम असोसिएटेडची आरसी-१० आली, चारी चाकांना तेलाचे शॉकअप घेऊन. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, या वर्गाची पहिली जागतिक ऑफरोड स्पर्धा झाली आणि खेळण्यातली बग्गी रेसिंगची झाली. स्प्रिंग दोघींनाही होत्या. उडी मारलेल्या चाकाला परत जमिनीवर शांत बसवायचं काम तेल करतं.

तीन, राइड हाइट मोजा. बॅटरी बसवा, गाडी सपाट टेबलावर १५ सेंटीमीटरवरून सोडा, मग चेसिसच्या तळापासून टेबलापर्यंतची उंची मोजा. मुरुमावर पुढे-मागे २३ ते २५ मिलिमीटरपासून सुरुवात करा. कार्पेटवाले सोळा-अठरावर चालवतात, ते त्यांना लखलाभ. डावी-उजवीकडे सारखी पाहिजे. यासाठी लागतात त्या चकत्या, ज्यांच्याबद्दल वर बोललो. त्यांचं खरं काम हे.

चार, चाकांचे कोन. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक आत किती झुकलंय ते, एक ते दोन अंश आत. मागची चाकं किटने जेवढी आत वळवलीत (बहुतेक मागून चालणाऱ्या बग्ग्यांत तीन अंश) तेवढीच राहू द्या. पुढची सरळ. बास.

पाच, टायर. मुरुमाला मुरुमाचे टायर, खिळे असलेले. कार्पेटचे टायर घालून सस्पेन्शनला शिव्या देऊ नका. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलंय, इथे बूट चुकीचे आहेत.

एवढं झालं की गाडी हातभर उंचीवरून सपाट सोडा. तळ जमिनीला जेमतेम टेकावा, गाडी एकदा वर यावी आणि थांबावी. दोन-तीनदा डुलली तर तेल पातळ. धप्प बसून हळूहळू कशीबशी वर आली तर जाड.

मग मैदानावर. एका बॅटरीत एक बदल. एकच! आपण ऑफिसात काय करतो? प्रॉडक्शनवर पाच बदल एकदम ढकलून मग "आता बरं चाललंय, कशामुळे ते माहीत नाही" असं म्हणणाऱ्याला आपण मीटिंगमध्ये सोलून काढतो. तोच सोलणारा माणूस रविवारी एकाच वेळी तेल, स्प्रिंग आणि कॅम्बर बदलून "मस्त झाली रे गाडी" म्हणत असतो. का? रविवारी इंजिनिअरिंग बंद असतं का?

आणि मोजायचं ते सगळ्यात वेगवान फेरी नव्हे. सलग पाच फेऱ्यांची वेळ मोबाइलवर घ्या, सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट यांतलं अंतर बघा. ते अंतर कमी झालं तर बदल बरोबर, मग एखादी फेरी अर्धा सेकंद हळू का होईना. नवख्याचा सेटअप वेग वाढवण्यासाठी नसतो, गिरक्या कमी करण्यासाठी असतो. वेग आपोआप येतो.

एक उदाहरण देतो. आमच्या मैदानावर येणाऱ्या एका मित्राची (नाव नको, तो हे वाचणार आहे) मागून चालणारी बग्गी कार्पेटच्या शीटवर उभी होती. राइड हाइट १८, तेल जाड, पुढे-मागे कडक स्प्रिंगा. फेऱ्या २४ ते ३१ सेकंद, दर तिसरीत गिरकी. गाडी विकायची भाषा सुरू झाली होती. आम्ही किटमधल्या मूळ स्प्रिंगा परत लावल्या, उंची २४ केली, तेल दोन नंबर पातळ भरलं. एकेक करून, तीन बॅटऱ्यांत. शेवटी बॅटरीची जागा एक खाच मागे सरकवली, म्हणजे मागच्या चाकांवर वजन आलं. फेऱ्या २५ ते २७. सगळ्यात वेगवान फेरी उलट एक सेकंदाने हळू! पण गिरकी नाही. नवीन भाग किती विकत घेतले? शून्य. उलट निघालेल्या कडक स्प्रिंगा डब्यात पडल्या आहेत.

अजून एक फुकटातली गोष्ट : आर्मवर शॉकअप बसवायला दोन-तीन भोकं असतात. आतल्या पिनपासून ६० मिलिमीटरवरचा शॉकअप ५७ वर आणलात तर चाकाला जाणवणारा कडकपणा गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. ५७ भागिले ६० चा वर्ग म्हणजे ०.९. म्हणजे तीच स्प्रिंग दहा टक्के मऊ. एक स्क्रू, दोन मिनिटं (मग उंची परत मोजा, ती थोडी उतरते). दुकानात तुम्हाला हे कुणी सांगणार नाही, कारण भोक विकता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग सेटअप शीटा काय जाळून टाकायच्या? अजिबात नाही. सहा महिन्यांनी जरूर वाचा, पण दुसऱ्याची डायरी वाचावी तशा. एकाच रेसरच्या चार वेगवेगळ्या ट्रॅकच्या शीटा शेजारी ठेवा. खड्डे वाढले तेव्हा त्याने उंची किती वाढवली, उन्हाळ्यात तेल कुठे नेलं, पकड कमी झाल्यावर आधी कशाला हात लावला हे बघा. आकडे उचलू नका, आकड्यांची *दिशा* उचला. तो माणूस विचार कसा करतो ते तिथे दिसतं, आणि तेवढंच आपल्या मैदानावर चालतं.

दुसरा आक्षेप : "बाबा रे, आठवड्याला एक सुट्टी मिळते, एवढा वेळ कुणाला आहे?" शॉकअप बांधायला एक संध्याकाळ जाते. परदेशातून स्प्रिंगचं पार्सल यायला किती दिवस जातात ते तुम्हीच मोजा.

तिसरा आक्षेप जरा खरा आहे : "अनुभवी लोक सांगतात ते काय खोटं?" खोटं नाही. ते त्यांच्या गाडीबद्दल, त्यांच्या हाताबद्दल खरंच सांगत असतात. गडबड एवढीच की समोरच्याची गाडी हातात न घेता सांगतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

म्हणून मैदानावरच्या तमाम जुन्या जाणत्यांना हात जोडून एक विनंती. पुढच्या रविवारी एखादं नवं पोरगं गिरक्या घेणारी गाडी घेऊन तुमच्याकडे आलं, तर "कडक कर" म्हणण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. आर्म सुटा पडतो का? दोन्ही शॉकअप सारखे आहेत का? राइड हाइट किती? तिन्हींची उत्तरं त्याच्याकडे नसतील. मग त्याच्या शेजारी बसा, स्क्रूड्रायव्हर काढा, आणि त्याचा एक शॉकअप त्याच्याच हाताने बांधून घ्या. दुसरा तो स्वतः बांधेल. आणि त्याच्या पुढच्या रविवारीही येईल.